दार नक्की कुठं अडलंय? लिनक्सच्या लॉगिन स्क्रीनवर अडकल्यावर काय करायचं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. व्याख्यानात फळ्यावर लिहिलेल्या कमांड इथे उच्चारानुसार दिल्या आहेत. अवघड ठिकाणी अक्षरं फोडून सांगितली आहेत.)

आजचा विषय लहान दिसतो, पण त्यापायी लोकांचा डेटा जातो. कॉम्प्युटर सुरू होतो, लॉगिनची स्क्रीन येते, आणि पुढे काही होत नाही. मग कुणीतरी जाणकार भेटतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट होतं, मशीन सुरू होतं, आणि दहा वर्षांचे फोटो, हिशेबाच्या फाईली, कुणाचा अर्धा लिहिलेला प्रबंध, सगळं त्यात जातं. गंमत म्हणजे लॉगिन अडलं तेव्हा त्या फाईली बहुतेक वेळा जागच्या जागी, धडधाकट असतात. अडलेलं असतं ते फक्त दार.

म्हणून आज एकच गोष्ट घेऊन घरी जा. "लॉगिन होत नाही" ही एक तक्रार नाही, त्या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. कुठली आहे हे ओळखलं की निम्मं काम झालं.

लॉगिन म्हणजे काय काय घडतं

सोसायटीचं उदाहरण घेऊ. गेटवर वॉचमन असतो. तो नाव विचारतो, वहीत बघतो, आत सोडतो. मग तुम्ही जिना चढून आपल्या फ्लॅटपाशी जाता, कुलूप उघडता आणि दिवा लावता. गेट वेगळं, वही वेगळी, फ्लॅट वेगळा.

लिनक्समध्येही असंच आहे. नाव आणि पासवर्ड विचारणारी जी स्क्रीन दिसते तो वेगळा प्रोग्रॅम असतो, त्याला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. उबुंटूवर तो जीडीएम असतो, लिनक्स मिंटवर लाइटडीएम, केडीई वापरणाऱ्यांकडे बहुधा एसडीडीएम. हा आपला वॉचमन. तो स्वतः काही ठरवत नाही. पासवर्ड बरोबर की चूक हे तो पॅम नावाच्या व्यवस्थेला विचारतो. ही कल्पना सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांनी १९९५ साली मांडली आणि पुढे लिनक्सने ती उचलली. पॅमने होकार दिला की तुमच्या नावाने सेशन सुरू होतं, म्हणजे तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंग वाचल्या जातात आणि डेस्कटॉप उभा राहतो.

आता तीन तक्रारी बघा. पहिली: स्क्रीन म्हणते पासवर्ड चुकला. म्हणजे गेटवरच अडलं. दुसरी: पासवर्ड घेतला, क्षणभर काळोख झाला, आणि पुन्हा लॉगिनचीच स्क्रीन आली. म्हणजे वॉचमनने सोडलं, पण फ्लॅटचं दार उघडलं नाही म्हणून तुम्ही पुन्हा खाली आलात, आणि वॉचमन कधी पाहिलंच नसल्यासारखं पुन्हा नाव विचारतोय. तिसरी: लॉगिनची स्क्रीनच येत नाही, नुसता काळा पडदा. म्हणजे गेटवरचा दिवाच गेला.

बरेच जण दुसऱ्या प्रकारात पन्नास वेळा पासवर्ड टाकून बघतात. तिथे पासवर्डचा काहीही दोष नसतो. चुकीचा असता तर मशीनने तसं सांगितलं असतं.

पहिली तक्रार: पासवर्ड चुकला म्हणतंय

आधी कीबोर्ड बघा. कॅप्स लॉक सगळ्यांना माहीत असतं. नम लॉक बंद असेल तर उजवीकडच्या आकड्यांच्या कळा आकडे टाकत नाहीत, हे कमी जणांना माहीत असतं. आणि आपल्या मराठी मंडळींची खास अडचण म्हणजे कीबोर्ड लेआउट. तुम्ही इनस्क्रिप्टमध्ये मराठी लिहीत असाल आणि लॉगिन स्क्रीनवर तोच लेआउट चालू राहिला असेल, तर तुम्ही ज्या कळांनी इंग्रजीत 'कमल' लिहिता, म्हणजे के ए एम ए एल, त्याच कळांनी आत 'कोसोत' जातं. दिसतात मात्र पाच ठिपके. इंग्रजीतही पाचच दिसले असते, त्यामुळे शंकाही येत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती बघा आणि इंग्रजीवर आणा. पासवर्डच्या रकान्यात डोळ्याचं चिन्ह असेल तर त्यावर क्लिक करून काय टाइप होतंय ते एकदा पाहून घ्या. किंवा जिथे नाव टाइप करता येतं तिथे पासवर्ड लिहून बघा, अर्थात शेजारी कुणी नसताना.

दुसरं, फेडोरा किंवा आर्चसारख्या काही वितरणांवर फेललॉक नावाची सोय चालू असू शकते. तीन वेळा चुकलं की खातं साधारण १० मिनिटं बंद. या काळात अगदी बरोबर पासवर्डही नाकारला जातो. माणूस घाबरून आणखी वेगवेगळे पासवर्ड टाकत बसतो. त्यापेक्षा उठा, चहा करा, १५ मिनिटांनी एकदाच शांतपणे टाका.

आणि पासवर्ड खरोखर विसरला असेल तर? तो मशीनमधून शोधून काढता येत नाही, कारण तो तिथे नसतोच. लिनक्स पासवर्ड साठवत नाही, त्यावर गणित करून आलेला हॅश साठवतो. त्यात सॉल्ट म्हणून थोडी यादृच्छिक भर घालायची ही पद्धत रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्सच्या संदर्भात लिहून ठेवली आहे. त्यामुळे 'जुना सांगा' असं मशीनला विचारता येत नाही, फक्त नवा लावता येतो.

उबुंटू आणि मिंटवर त्याची वाट अशी. मशीन सुरू होताना ग्रबचा मेनू आणायचा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं, नव्या यूईएफआयच्या मशीनवर एस्केप एकदोनदा दाबायचं. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग रिकव्हरी मोड, मग रूट शेल. तिथे डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, म्हणून आधी कमांड: माउंट, स्पेस, आडवी रेघ ओ, स्पेस, रीमाउंट स्वल्पविराम आर डब्ल्यू, स्पेस, तिरकी रेघ. मग पासवर्ड बदलायची कमांड. तिचं स्पेलिंग म्हणजे 'पासवर्ड' या शब्दातली ओ आणि आर ही दोन अक्षरं गाळायची, पुढे स्पेस आणि खात्याचं नाव. खात्याचं नाव आठवत नसेल तर एल एस, स्पेस, तिरकी रेघ होम. तिथे जे फोल्डर दिसतील तीच नावं.

पण थांबा. हे करण्याआधी त्याच होममध्ये टिंबाने सुरू होणारा ईक्रिप्टएफएस नावाचा फोल्डर आहे का ते बघा. एल एस ला आडवी रेघ ए जोडली की टिंबवाली नावंही दिसतात. तो असेल तर होम फोल्डर कुलूपबंद आहे आणि त्याची किल्ली तुमच्या जुन्या पासवर्डला बांधलेली आहे. असा बाहेरून पासवर्ड बदललात तर लॉगिनचा पासवर्ड नवा होईल, पण फाईली उघडणार नाहीत. त्यासाठी इन्स्टॉल करताना लिहून ठेवायला सांगितलेली लांबलचक किल्ली लागते. तो कागद आधी शोधा.

दुसरी तक्रार: आत जातो आणि परत बाहेर येतो

यातली दोन-तीन कारणं वारंवार येतात. ती तपासायला आपल्याला ग्राफिक डेस्कटॉपशिवाय आत शिरावं लागेल. वाट आहे. लॉगिन स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकत्र दाबा. लॅपटॉपवर काही वेळा एफएन पण धरावं लागतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन विचारलं जाईल. इथे दोन गोष्टींनी लोक फसतात. एक, इथे खात्याचं छोटं नाव लागतं, बहुधा सगळं लहान लिपीत. ग्राफिक स्क्रीनवर दिसणारं पूर्ण नाव चालत नाही. दोन, पासवर्ड टाइप करताना ठिपकेही दिसत नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नाही, आत सगळं जातंय. टाका आणि एंटर दाबा.

तुमची सिस्टिम मराठीत असेल तर इथे संदेशांच्या जागी चौकोन चौकोन दिसतील, कारण हा काळा पडदा देवनागरी जोडाक्षरं दाखवू शकत नाही. मशीन बिघडलेलं नाही. एक्सपोर्ट, स्पेस, एलसी खालची रेघ ऑल, बरोबरचं चिन्ह, सी, असं लिहा. शेवटचं सी आणि 'एलसी ऑल' मोठ्या लिपीत. संदेश इंग्रजीत येऊ लागतील.

तुम्ही इथवर आत आलात, याचाच अर्थ पासवर्ड ठीक, खातं ठीक. आता फ्लॅटचं दार बघू.

सगळ्यात आधी जागा. कमांड: डी एफ, स्पेस, आडवी रेघ एच. एखाद्या ओळीत १०० टक्के दिसलं आणि ती ओळ नुसत्या तिरक्या रेघेची किंवा होमची असेल, तर कारण सापडलं. डेस्कटॉप सुरू होताना छोट्या छोट्या फाईली लिहितो. लिहायला जागाच नाही, म्हणून तो बंद पडतो आणि तुम्ही बाहेर. मग मशीन मुळात सुरू कसं होतं? ईएक्सटी४ फाईल सिस्टिम नेहमीच्या सेटिंगनुसार ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. ५०० जीबीच्या डिस्कवर ते साधारण २५ जीबी होतात. ती जागा सिस्टिमच्या कामाला मिळते, तुम्हाला नाही.

जागा कशी करायची? सुडो, एपीटी, क्लीन ही कमांड डाउनलोड केलेली जुनी पॅकेजं काढते. कचराकुंडी होम फोल्डरमध्येच साठत असते. मिंटवर टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट साठून डिस्क भरलेली मी अनेकदा पाहिली आहे. एक-दोन जीबी मोकळे झाले तरी पुरे. आत जा आणि पुढचं आवरणं निवांत करा. घाईत, काय आहे ते न बघता, काळ्या पडद्यावर काहीही पुसू नका.

दुसरं कारण मालकीचं. मिंट, एक्सएफसीई, माटे अशा डेस्कटॉपवर होममध्ये एक लपलेली फाईल असते: टिंब, मोठा एक्स, आणि लगेच ऑथॉरिटी. कधी सुडो लावून एखादा ग्राफिक प्रोग्रॅम चालवला की ही फाईल रूटच्या नावावर होऊ शकते. मग तुमच्याच घरातल्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. एल एस, स्पेस, आडवी रेघ एल ए लिहून यादी बघा. प्रत्येक ओळीत मालकाचं नाव असतं. तुमच्या नावाऐवजी रूट दिसलं तर फाईल पुसायची गरज नाही, नाव बदला: एम व्ही, स्पेस, जुनं नाव, स्पेस, नवं काहीतरी नाव. पुढच्या लॉगिनला नवी फाईल आपोआप तयार होते. नाव बदलायलाही नकार आला तर होम फोल्डरचीच मालकी बदललेली असू शकते. तेव्हा सी एच ओ डब्ल्यू एन ही मालकी बदलणारी कमांड सुडो लावून वापरायची, आणि ती फक्त आपल्या होम फोल्डरवर. चुकून नुसत्या तिरक्या रेघेवर चालवलीत तर सगळ्या इमारतीची कागदपत्रं एका फ्लॅटच्या नावावर होतील आणि मग खरोखरच फॉरमॅटची वेळ येईल.

तिसरं कारण नीट ऐका, कारण इथे डेटा पणाला लागलेला असतो. काहीही लिहायला गेलं की मशीन 'रीड ओन्ली फाईल सिस्टिम' म्हणतंय. डिस्कवर चूक आढळली की लिनक्स तिला फक्त वाचण्यापुरती ठेवू शकतो, नुकसान वाढू नये म्हणून. हे डिस्क मरायला लागल्याचं लक्षण असू शकतं. इथे दुरुस्तीच्या मागे लागू नका. आधी डेटा बाहेर काढा, मग दुरुस्ती.

एक सोपी चाचणी

यातलं काहीच दिसत नसेल तर नवं खातं उघडा. सुडो, ॲडयूझर, आणि 'चाचणी' असं काहीतरी नाव इंग्रजी अक्षरांत. मग कंट्रोल ऑल्ट एफ १ दाबून ग्राफिक स्क्रीनवर परत जा. काही मशीनवर एफ ७ लागतं. नव्या खात्याने आत जाऊन बघा. गेलात? मग सिस्टिम, ड्रायव्हर, डेस्कटॉप सगळं ठीक आहे, बिघाड फक्त तुमच्या होममधल्या एखाद्या सेटिंगमध्ये आहे. नवं खातंही बाहेर आलं? मग तुमच्या होमला दोष देऊ नका, बिघाड सगळ्या इमारतीचा आहे. पाच मिनिटांच्या या चाचणीने शोधाचं क्षेत्र अर्धं होतं.

तिसरी तक्रार: नुसता काळा पडदा

हे बहुधा अपडेटनंतर होतं, आणि एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर जास्त. कर्नल नवा आला, पण ग्राफिक ड्रायव्हरचा भाग त्या कर्नलसाठी तयार झाला नाही, किंवा सिक्युअर बूट चालू असल्यामुळे सही नसलेला ड्रायव्हर आत घेतला गेला नाही. यावर पहिला उपाय दुरुस्तीचा नाही, मागे जाण्याचा. ग्रबच्या मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधीचा कर्नलही ठेवलेला असतो. तो निवडा. डेस्कटॉप आला तर दोष नव्या जोडीचा आहे हे कळलं, आणि कामही थांबलं नाही. मग निवांतपणे ड्रायव्हर पुन्हा बसवा.

कारण कळत नसेल तर मशीनची रोजनिशी वाचा. कमांड अशी: 'जर्नल' हा शब्द, त्याला जोडून सी टी एल, स्पेस, आडवी रेघ बी, स्पेस, आडवी रेघ पी, स्पेस, ई आर आर. या वेळी मशीन सुरू झाल्यापासूनच्या चुका दिसतात. लाल ओळी पाहून घाबरू नका, चांगल्या मशीनवरही काही असतात. तुम्ही लॉगिन केलं ती वेळ शोधा आणि त्या मिनिटाच्या ओळी वाचा. मदत मागायला जाल तेव्हा 'चालत नाही' असं सांगू नका, त्या ओळींचा फोटो दाखवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक ताई: यातलं काहीच जमलं नाही तर?*

तरी फॉरमॅटच्या आधी एक पायरी आहे, ताई. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू किंवा मिंटचा लाइव्ह यूएसबी बनवा, त्यावरून हे मशीन सुरू करा आणि 'ट्राय' निवडा, इन्स्टॉल नाही. फाईल मॅनेजरमध्ये तुमची आतली डिस्क दिसेल. होममधल्या फाईली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि चार-पाच उघडून बघा. त्यानंतर फॉरमॅट करायला माझी हरकत नाही. दुकानात देतानाही हीच अट घाला: आधी होमची कॉपी माझ्या हातात, मग पुढचं.

*एक काका: रिकव्हरी मोडमधून कुणीही पासवर्ड बदलू शकतो, मग लिनक्स सुरक्षित कसं?*

काका, बरोबर पकडलंत. लॉगिनचा पासवर्ड हा चालू मशीनचा पहारा आहे. ज्याच्या हातात मशीनच आलं त्याला तो अडवत नाही. त्यासाठी इन्स्टॉल करतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय असतो, त्याला लक्स म्हणतात. तो लावला की लॉगिन स्क्रीनच्याही आधी एक पासवर्ड विचारला जातो. पण तो विसरलात तर मागचं दार नाही, कुणाकडेच नाही. म्हणून ज्याच्याकडे बॅकअप नाही त्याने तो लावताना विचार करावा, आणि बाहेर नेण्याच्या लॅपटॉपवर मात्र लावावाच.

*एक विद्यार्थी: पासवर्ड बदलला, आत गेलो, पण आता कीरिंगचा पासवर्ड विचारतंय.*

कीरिंग म्हणजे वायफाय, ब्राउझर वगैरेंचे पासवर्ड ठेवायची छोटी तिजोरी. ती जुन्या पासवर्डने बंद केलेली आहे आणि तू बाहेरून लॉगिनचा पासवर्ड बदललास हे तिला माहीत नाही. जुना आठवला तर तो देऊन तिचाही बदल. आठवलाच नाही तर नवी तिजोरी करावी लागेल, आतलं जाईल. तुझ्या फाईलींना मात्र त्यात धक्का लागत नाही.

वेळ संपत आली. घरी गेल्यावर, मशीन चांगलं चालू असतानाच, दोन कामं करून ठेवा. एक, कंट्रोल ऑल्ट एफ ३ दाबून काळ्या पडद्यावर एकदा लॉगिन करून बघा आणि 'एक्झिट' लिहून बाहेर या. म्हणजे खात्याचं नाव पाठ होईल आणि भीती जाईल. दोन, एक लाइव्ह यूएसबी बनवून, त्यावर चिठ्ठी चिकटवून, खणात ठेवा. अडल्यावर तो बनवायला दुसरा कॉम्प्युटर शोधत फिरावं लागतं.